खेड्यात गेमिंग कन्सोल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात चार वर्षांपासून माझ्या घरी कन्सोल आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या सुमारास, आणि कापसाचा चुकारा झाला की पुन्हा एकदा, ओळखीपाळखीतून त्याविषयी तेच ते प्रश्न येतात. शहरातील दुकानदार चित्राची स्पष्टता आणि प्रोसेसरचा वेग सांगतात. आपल्याकडे मात्र कोणता कन्सोल टिकेल हे लाइन, इंटरनेट आणि उन्हाळा ठरवतात. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

मोबाईलवर गेम असताना वेगळे यंत्र कशाला घ्यावे?

घ्यावेच असे नाही. मोबाईलवरील खेळाने ज्याचे समाधान होते, त्याने हा खर्च करू नये. कन्सोल हा केवळ खेळासाठी बांधलेला, टीव्हीला जोडण्याचा संगणक असतो. त्यावरील बहुतेक मोठे गेम एकदा पैसे देऊन विकत घ्यायचे असतात, त्यामुळे दर दोन मिनिटांनी जाहिरात येत नाही. शिवाय दोन ते चार जण एकाच टीव्हीसमोर बसून एकत्र खेळू शकतात, आणि माझ्या मते खेड्यातील घरासाठी तीच त्याची खरी किंमत आहे. कन्सोलची एक पिढी साधारण सात वर्षे चालते: सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ जगात २०१३ साली आला आणि प्लेस्टेशन ५ हा २०२० साली.

आठवडी बाजारात दीड-दोन हजारांत "दहा हजार गेम" असलेला डबा किंवा गेम स्टिक मिळते. तीही कन्सोलच ना?

नावापुरतीच. त्यात १९८० आणि १९९० च्या दशकांतील जुन्या यंत्रांचे गेम विनापरवाना भरलेले असतात, आणि दहा हजारांतील बहुसंख्य गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा आलेले असतात. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघरी होत्या. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली की गेम सुरू होतो, यावर आमच्या पिढीची अढळ श्रद्धा होती. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते लहान मुलांना गुंतवायचे असेल तर हा डबा वाईट नाही. दुरुस्तीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

मग नेमका कोणता घ्यावा?

भारतात अधिकृतपणे विकले जाणारे मुख्य पर्याय दोन कंपन्यांचे आहेत. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला. तेव्हा डिस्कच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये आणि डिजिटल, म्हणजे डिस्क घालता न येणाऱ्या, आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याची आटोपशीर, स्लिम आवृत्ती अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० रुपयांना आली. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस हे दोन्ही नोव्हेंबर २०२० मध्ये आले, तेव्हा त्यांच्या किमती ४९,९९० आणि ३४,९९० रुपये होत्या. या किमती वरचेवर बदलतात, म्हणून त्या केवळ अंदाजासाठी धराव्यात.

तिसरा पर्याय निन्टेन्डो स्विच. हा हातात धरूनही खेळता येतो आणि त्याला स्वतःची बॅटरी असल्याने लाइन गेली तरी खेळ चालू राहतो, त्यामुळे आपल्याकडील परिस्थितीला तो सर्वांत सोयीचा वाटतो. पण निन्टेन्डो भारतात अधिकृत विक्री करत नाही. येथे मिळणारे यंत्र कोणीतरी बाहेरून आणलेले असते, त्यावर कंपनीची भारतातील वॉरंटी नसते, आणि ते बिघडले तर यवतमाळ काय, नागपूरलाही आपल्याच जबाबदारीवर दुरुस्त करून घ्यावे लागते.

माझा स्पष्ट कल डिस्क चालणाऱ्या प्लेस्टेशन ५ कडे आहे. सिरीज एस स्वस्त आहे, वीज कमी घेतो आणि लहान टीव्हीवर सुरेख चालतो. परंतु त्यात डिस्क घालता येत नाही आणि पुढे ती सोय जोडताही येत नाही. याचे महत्त्व पुढच्या उत्तरात कळेल.

आमच्या गावात इंटरनेट धड नाही. कन्सोल चालेल का?

चालेल, पण कन्सोल घेण्याआधी पुढील हिशोब कागदावर मांडून पाहावा. आजचा मोठा गेम ५० ते १०० जीबी जागा घेतो. मोबाईलच्या पॅकमध्ये दिवसाला २ जीबी डेटा मिळत असेल, तर ८० जीबीचा एक गेम उतरवण्यास चाळीस दिवस लागतील, आणि त्या चाळीस दिवसांत घरातील कोणी एकही व्हिडिओ पाहायचा नाही. तारेचे इंटरनेट असेल आणि वेग खरोखर ४० एमबीपीएस मिळत असेल, तर तेच काम साधारण साडेचार तासांत होते. १० एमबीपीएस असेल तर अठरा तास धरावेत. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची तार आली आहे का आणि तेथून किंवा तालुक्याच्या केबलवाल्याकडून घरापर्यंत जोडणी मिळते का, याची चौकशी कन्सोलच्या चौकशीआधी करावी.

जोडणी नसेल तर डिस्क हाच मार्ग आहे. डिस्कवरील गेमही आधी कन्सोलमध्ये उतरवावा लागतो, पण ती माहिती बहुधा डिस्कवरूनच येते, इंटरनेटवरून नाही. नंतर येणाऱ्या सुधारणा तेवढ्या उतरवाव्या लागतात आणि एकट्याने खेळायचे गेम बहुधा त्यांच्याशिवायही सुरू होतात. प्लेस्टेशन ५ पहिल्या दिवशी इंटरनेटशिवाय सुरू करता येतो. एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांना मात्र पहिल्या जुळणीसाठी इंटरनेट लागतेच. ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही भागते.

आमच्याकडील काही जण आणखी एक युक्ती करतात. भाचा नागपुरात शिकायला असेल तर कन्सोल टॉवेलात गुंडाळून, पाठीवरच्या बॅगेत घालून त्याच्या खोलीवर नेतात, रात्रभरात तीन-चार गेम उतरवतात आणि परत आणतात. हसण्यासारखे वाटेल, पण यात चूक काहीच नाही. यूएसबीची वेगळी हार्ड डिस्क असेल तर जास्तीचे गेम तिच्यात साठवून आणता येतात. प्लेस्टेशन ५ चे गेम तिच्यावरून थेट खेळता येत नाहीत, ते आधी कन्सोलमध्ये घ्यावे लागतात.

डिजिटल आवृत्ती पाच-दहा हजारांनी स्वस्त आहे. तीच घेतली तर?

वाचलेले पैसे दोन-तीन गेममध्येच निघून जातात. सोनीचे नवे मोठे गेम भारतात ४,९९९ रुपयांपर्यंत विकले गेले आहेत. डिस्क असेल तर गेम संपवून ती विकता येते, मित्राशी बदलता येते, जुनी डिस्क निम्म्या किमतीत घेता येते. डिजिटल गेम आपल्या खात्याला चिकटून राहतो. आमच्या तालुक्यात कन्सोल असलेल्या सहा-सात जणांमध्ये डिस्कची देवाणघेवाण चालते, आणि माझ्या कपाटात या घडीला माझी स्वतःची अशी एकच डिस्क आहे, बाकीच्या तीन दुसऱ्यांच्या. स्लिम डिजिटल आवृत्तीला डिस्कचा भाग नंतर जोडता येतो, मात्र तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते.

लाइनचा भरवसा नाही. कन्सोल जळेल का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि लोक तो सर्वांत शेवटी विचारतात.

निव्वळ लाइन गेल्याने कन्सोल सहसा जळत नाही. तो एकदम बंद पडतो आणि पुन्हा सुरू करताना साठवण तपासून घेतो. गेम उतरत असताना किंवा प्रणाली अद्ययावत होत असताना लाइन जाणे मात्र वाईट, कारण अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. म्हणून ढग भरून आले असतील तेव्हा अपडेट सुरू करू नये.

खरा धोका जास्त व्होल्टेजचा असतो. गावातील डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज निघतात आणि प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्ट मिळतात. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली की वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधील ४१५ व्होल्ट त्यांच्यात विभागले जातात. ज्या घरात त्या क्षणी कमी उपकरणे चालू असतात, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. एका जूनमध्ये, पहिल्या वादळात, आमच्या गल्लीत हेच घडले. पंखा एकाएकी पिसाळल्यासारखा फिरू लागला, बल्ब पांढराफटक झाला, आणि मी उठून मेन स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत सेट-टॉप बॉक्समधून धूर निघाला होता. कन्सोलचा प्लग मी आभाळ पाहून दुपारीच काढून ठेवला होता, म्हणून तो वाचला.

एमसीबी, म्हणजे घरच्या बोर्डावरील आपोआप पडणारे बटण, अशा वेळी उपयोगी पडेलच असे नाही, कारण ते जास्त करंट ओळखते, जास्त व्होल्टेज नव्हे. त्यासाठी व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मीटरनंतर बसवून घ्यावे, किंवा किमान हाय-कट असलेला स्टॅबिलायझर टीव्ही आणि कन्सोलसाठी वापरावा. अर्थिंगही तपासून घ्यावे. अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तार असतच नाही. आणि वीज कडाडू लागली की प्लग काढावा. यापेक्षा खात्रीचा उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही.

इन्व्हर्टरवर चालतो का?

चालतो. साइन वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर असावा आणि तो यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे लाइन जाताना कन्सोल बंद पडत नाही. १५० अँपिअर-अवरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात, पण प्रत्यक्षात साधारण १,२०० हाती लागतात. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालू असताना सुमारे २०० वॅट घेतो. टीव्ही, एक पंखा आणि राउटर धरून साडेतीनशे वॅट होतात, म्हणजे नवी बॅटरी सव्वातीन तासांच्या आसपास पुरेल. सिरीज एस हा ७५ ते ८० वॅटमध्ये भागवतो, त्यामुळे त्याच बॅटरीवर पाच तास निघू शकतात. रात्री घरच्यांना पंखा हवा असतो, हे हिशोबात धरावे. बॅटरी संपवून उकाड्यात सर्वांना जागवणाऱ्याचा कन्सोल दुसऱ्या दिवशी कुठे जातो, हे सांगण्याची गरज नाही.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन साधे पेन्सिल सेल लागतात, ते किराणा दुकानातही मिळतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर चार्ज करावा लागतो, म्हणून लाइन असताना तो भरून ठेवण्याची सवय लावावी.

वीजबिल किती वाढेल?

रोज दोन तास खेळल्यास प्लेस्टेशन ५ चे महिन्याला साधारण बारा युनिट होतात. टीव्हीचे वेगळे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा काय करावे?

प्लेस्टेशन ५ च्या माहितीपुस्तिकेत वापरासाठीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिले आहे. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडील मे महिना त्या मर्यादेपेक्षा दहा अंशांनी पुढे असतो आणि टिनाच्या छपराखालची खोली दुपारी भट्टी होते. कन्सोल फार तापला तर पडद्यावर तशी सूचना देऊन तो स्वतःहून बंद होतो. ही सूचना दोनदा आली तर तिसऱ्यांदा सुरू करून पाहण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा रात्री जेवणानंतर खेळावे.

कुलरविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कुलर लावलेली खोली चांगली गार होते आणि त्याचा कन्सोलला फायदाच होतो, पण कन्सोल कुलरच्या तोंडासमोर ठेवू नये. ताट्या नव्या असताना किंवा पाणी जास्त सुटत असताना हवेबरोबर बारीक तुषार येतात, ते समोरच्या भिंतीवर हात फिरवला तरी कळते, आणि कन्सोलचा पंखा तीच हवा आत ओढतो. पावसाळा सुरू झाल्यावर हवा दमट असताना बंद खोलीत कुलर चालवून खेळणे तर टाळावेच. दुसरे असे की कुलर आणि कन्सोल एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नयेत. कुलरची मोटार सुरू होताना बसणारा झटका कन्सोलला सोसावा लागतो.

जागा निवडताना सर्व बाजूंनी किमान दहा सेंटिमीटर मोकळे सोडावे. काचेचे दार असलेल्या शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालाखाली, कन्सोल शोभून दिसतो आणि आत उकडून निघतो.

आपल्याकडील खास शत्रू म्हणजे कापूस. भाव वाढण्याची वाट पाहत समोरच्या खोलीत कापसाची गंजी महिनोन्‌महिने पडून असते आणि तिचा तंतू हवेत तरंगत राहतो. गेल्या फेब्रुवारीत माझ्या कन्सोलचा आवाज वाढला म्हणून बाजूचे पांढरे आवरण काढले, तर पंख्याच्या जाळीवर वातीसाठी वळावा असा कापसाचा पातळ थर बसलेला होता. प्लेस्टेशन ५ चे आवरण स्क्रू न काढता निघते आणि आत धूळ साचण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोके असतात. तेथून व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यावी. कापूस घरात असेपर्यंत दर महिन्याला हे काम करावे, किंवा कन्सोल मागच्या खोलीत हलवावा. पाली आणि मुंग्या उबेच्या आशेने आत शिरतात, म्हणून खेळ संपल्यावर कन्सोल पूर्ण गार झाला की सुती कापडाने झाकावा आणि सुरू करण्याआधी ते कापड न विसरता काढावे.

जुन्या टीव्हीला जोडता येईल का?

टीव्हीला एचडीएमआयचे छिद्र असेल तर येईल. ३२ इंची, एचडी रेडी टीव्हीही पुरेसा आहे. ४के टीव्ही नसला तर कन्सोल वाया जातो, हा दुकानदाराचा युक्तिवाद मनावर घेऊ नये. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जुन्या डब्बा टीव्हीला थेट जोडणी होत नाही, आणि रूपांतरक लावून मिळणाऱ्या चित्रात अक्षरे वाचता येत नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करावा. बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतील विलंब त्याने कमी होतो, आणि क्रिकेटच्या गेममध्ये फटक्याची वेळ साधायची असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

यंत्राच्या किमतीवर आणखी किती खर्च येतो?

दुसरा कंट्रोलर, दोन-तीन गेम आणि विजेचे संरक्षण मिळून पंधरा हजार रुपये वेगळे काढून ठेवावेत, असे मी सांगतो. इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लस किंवा एक्सबॉक्सच्या गेम पासची वर्गणी लागते. मात्र फुकट मिळणारे ऑनलाइन गेम तिच्याविना खेळता येतात. ज्याच्याकडे तारेचे इंटरनेट नाही, त्याने वर्गणी घेऊ नये. वर्गणीतील शेकडो गेम उतरवणार कसे?

सेकंडहँड प्लेस्टेशन ४ घ्यावा का?

पैसे मर्यादित असतील तर अवश्य विचार करावा. त्याचे गेम भरपूर आहेत आणि जुन्या डिस्क स्वस्त मिळतात. घेताना विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानातच अर्धा तास खेळून पाहावे. एचडीएमआयची तार हलवल्यावर चित्र जाते का, डिस्क आत घेऊन वाचतो का, पंख्याचा आवाज किती, आणि कंट्रोलरची काठी सोडल्यावरही खेळाडू आपोआप सरकतो का, हे तपासावे. मी एकदा घाईत, बसची वेळ झाली म्हणून, कंट्रोलर न तपासता घेतला. घरी येऊन पाहतो तर माझा फलंदाज स्वतःहून लेगला चालत होता. कंपनीचे सॉफ्टवेअरमधील कुलूप फोडून फुकट गेम भरलेला कन्सोल घेऊ नये. तो ऑनलाइन गेला की कायमचा बंदीत जाण्याचा धोका असतो.

हे पैसे लावून खेळायच्या गेमसारखे तर नाही ना? घरचे घाबरतात.

नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने बंदी घातली. कन्सोलवर विकत घेऊन खेळण्याचे गेम त्या व्याख्येत बसत नाहीत. तरीही घरच्यांची शंका अगदीच निराधार नाही, कारण काही क्रीडा गेममध्ये खेळाडूंची पाकिटे खऱ्या पैशांनी विकली जातात आणि आत काय निघेल ते आधी कळत नाही. म्हणून खात्याला बँकेचे कार्ड जोडून ठेवू नये. लागेल तेवढ्या रकमेचे गिफ्ट कार्ड घ्यावे.

मुलांचा अभ्यास बुडेल का?

दोन्ही कन्सोलवर मुलांसाठी वेगळे खाते काढून रोजची वेळ ठरवून देता येते आणि वय पाहून गेम रोखता येतात. डिस्कच्या डब्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असेल तर ते वय आहे, अडचणीची पातळी नव्हे. हा गैरसमज मी तीन घरांत पाहिला. पासवर्ड मात्र पालकांनी स्वतः टाकावा. मुलाकडूनच पासवर्ड टाकून घेणाऱ्या वडिलांना कोणतेही यंत्र मदत करू शकत नाही.

ऑनलाइन मागवावा की दुकानातून घ्यावा?

किमतीत फार फरक नसेल तर दुकानातून, पक्क्या बिलासह घ्यावा. वॉरंटी एक वर्षाची असते आणि बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला असणे आवश्यक आहे. दुकानदार वॉरंटी नाकारू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

गावाच्या पिनकोडवर महागड्या वस्तू पोहोचवत नसतील तर तालुक्याच्या ठिकाणच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यावा. पार्सल फोडताना सुरुवातीपासून मोबाईलवर सलग चित्रीकरण करावे, आणि यंत्र त्याच दिवशी जोडून डिस्क, एचडीएमआय व दोन्ही कंट्रोलर तपासावेत. लाइन नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्याकडे जावे, पण परत करण्याची मुदत वाया घालवू नये. मूळ खोका आतील पुठ्ठ्याच्या खाचांसह वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावा, कारण सर्व्हिस सेंटरला कुरिअरने पाठवताना तोच लागतो. माळ्यावर ठेवायचा तर पत्र्याच्या पेटीत ठेवावा. माझा उंदरांनी कुरतडला.